ठराविक स्पीडला जुनी गाडी थरथरते? पार्ट बदलायच्या आधी एवढं करून बघा

गाडी ८०-९० ला थरथरायला लागली की बरेच जण पहिलं काय करतात तर अलाइनमेंट करून घेतात आणि गाडी तशीच थरथरत घरी आणतात. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात, पण थरथर सहसा त्याने येत नाही. थरथर येते फिरणाऱ्या वस्तूमुळे, आणि गाडीत काही वस्तू चाकाच्या वेगाने फिरतात, काही इंजिनच्या. यातलं नक्की कोण ते ठरवलं की अर्धं काम झालं, आणि त्याला पाना हातात घ्यावा लागत नाही.

मोकळा सरळ रस्ता बघा, शेजारी कोणाला तरी बसवा आणि कुठल्या स्पीडला कशी थरथर येते ते लिहून घ्यायला सांगा, कारण नंतर आपल्याला सगळं आपल्या सोयीचं आठवतं. समजा ९० ला थरथर येते, तर त्याच ९० ला एकदा पाचव्यात आणि एकदा चौथ्यात चालवा. आरपीएम (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) बदलले तरी थरथर तशीच असेल तर चाकांकडचं काम आहे. गिअर बदलल्यावर गेली किंवा दुसऱ्या स्पीडला सरकली तर इंजिनकडे बघा. मॅन्युअल गाडी असेल तर त्या स्पीडला क्षणभर न्यूट्रल करूनही कळतं, थरथर तशीच राहिली तर इंजिन नाही, पण चावी बंद करायची नाही म्हणजे नाही, स्टेअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकही जड होतो. मग गाडी उभी करून तेच आरपीएम द्या, जागेवरच थरथरली तर एकतर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) गेलंय, किंवा एखादा सिलिंडर नीट फायर होत नाहीये.

थोडं गणित पण कामाचं आहे. लहान गाडीच्या टायरचा घेर साधारण पावणेदोन-दोन मीटर, ९० ला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे चाकाच्या सेकंदाला १३-१४ फेऱ्या. इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला ५० फेऱ्या मारतं. म्हणून चाकाची थरथर जाड लागते, धडधडधड अशी, आणि इंजिनची बारीक, पायाला झिणझिण्या आल्यासारखी. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर मधे प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा येतो, तो चाकाच्या तिप्पट-चौपट फिरतो, त्यामुळे त्याचीही थरथर बारीकच लागते पण ती गाडीच्या स्पीडबरोबर वाढते, आरपीएमबरोबर नाही. तिथे त्या दांड्याचा क्रॉस जॉइंट (सांधा) आणि सेंटर बेअरिंग (मधला आधार) बघायचं.

आता चाकं, कारण दहातल्या सात-आठ वेळा (माझा अंदाज हो) तिथेच सापडतं. स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुतेक पुढची, सीट आणि फ्लोअर थरथरत असेल तर मागची. ८० ला सुरू होते, १०० ला जोरात आणि त्यापुढे कमी होते असं असेल तर पहिला संशय बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसणं. पण बॅलन्सिंगला जायच्या आधी रिमच्या आतल्या बाजूला हात फिरवा, वाळलेला चिखल चिकटलेला असतो आणि तेवढ्यानेही होतं. रिमवर वजन चिकटवलेलं होतं तिथे नुसता स्वच्छ चौकोन दिसला तर वजन पडलंय.

माझ्या गाडीचं दोनदा बॅलन्सिंग केलं, मशीन दोन्ही वेळा शून्य दाखवत होतं आणि गाडी थरथरतच होती, तिसऱ्यांदा जायच्या आधी वैतागून जॅक लावला, स्टँड दिला, टायरजवळ एक वीट ठेवून त्यावर स्क्रूड्रायव्हर असा धरला की टोक ट्रेडला (टायरच्या नक्षीच्या भागाला) जेमतेम लागणार नाही, आणि चाक हाताने हळू फिरवलं. एका जागी ट्रेड येऊन टोकाला घासला. आतली पट्टी सुटून टायरला उंचवटा आला होता. वजन सगळीकडे सारखं असलं तरी टायर गोल असेलच असं नाही, आणि साधं बॅलन्सिंग मशीन फक्त वजन बघतं. असा टायर ३०-४० लाही गाडी डोलवतो, ती मोठी खूण. त्याच पद्धतीने रिमची कड तपासा, वाकलेला रिम लगेच दिसतो. शंका राहिली तर पुढची चाकं मागे टाका, थरथर स्टेअरिंगमधून सीटमध्ये गेली की चोर सापडला.

टायरच्या कडेला डॉट (DOT) लिहिलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा, २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आहे म्हणून टायर चांगला असं जुन्या गाडीत धरू नका.

चाक वर आहेच तर वरखाली धरून हलवा, खेळ लागला तर चाकाचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा सांधा). डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ लागला तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा चाकाकडचा सांधा). बेअरिंग गेलं असेल तर आधी घूं आवाज येतो आणि वळणावर तो कमी-जास्त होतो.

ॲक्सिलरेटर दाबल्यावरच थरथर आणि पाय काढला की बंद, तर चाकाला ताकद नेणाऱ्या ॲक्सलचा आतला सांधा, म्हणजे आतला सीव्ही जॉइंट. पूर्ण वळवून निघताना कटकट येत असेल तर बाहेरचा. फक्त ब्रेक मारताना येत असेल आणि पेडल पायाला ढकलत असेल तर डिस्क, आणि पुढे काहीच सापडलं नाही तर मागचे ड्रम. एक फसवा प्रकार म्हणजे सुरुवातीला गाडी छान चालते आणि पंधरा-वीस मिनिटांनी थरथरायला लागते. तेव्हा थांबून प्रत्येक रिमच्या जवळ हात न्या, लावू नका, एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल तर तिथला कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकतोय.

टायरला फुगा, चाकात खेळ किंवा नट सैल यातलं काहीही दिसलं तर ट्रायल वगैरे राहू द्या, गाडी तिथेच उभी करा. आणि चाक परत बसवताना हबवरचा (चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने घासून काढा, नाहीतर चाक सपाट बसत नाही आणि नवीनच थरथर सुरू होते. नट समोरासमोरचे आवळायचे, ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा, आणि मग त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला तीच लिहिलेली चिठ्ठी घेऊन जाऊन या.