जर्मनीत नव्याने आलात? ऑफिसचा मेल फोनवर घेण्याआधी हे वाचा

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आयटीवाले सांगतात, फोनवर आउटलुक टाका, कंपनी पोर्टल (फोन कंपनीच्या यंत्रणेत नोंदवणारं ॲप) टाका, ऑथेंटिकेटर (लॉगिन करणारे तुम्हीच आहात याची खातरजमा करणारं ॲप) जोडा. तेव्हा आपली आनमेल्डुंग (राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी), बँक खातं, घर अशी धावपळ चाललेली असते. मग स्क्रीनवर जे येईल त्याला ‘अलाउ, अलाउ’ करत आपण मोकळे होतो. नेमकं तिथेच थांबा.

आधी विचारा, कंपनी फोन देते का? बऱ्याच कंपन्या देतात, पण मागितल्याशिवाय कुणी हातात आणून ठेवत नाही. मागायला लाजू नका, इथे त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

स्वतःच्याच फोनवर घ्यायचा असेल तर अँड्रॉइडवर ‘वर्क प्रोफाइल’ हवं. ऑफिसची ॲप्स वेगळ्या कप्प्यात जातात आणि त्यांच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. आयटीला फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि त्या कप्प्यातली ॲप्स दिसतात. तुमचे फोटो, व्हॉट्सॲप काही दिसत नाही. नोकरी सुटली की तेवढाच कप्पा पुसला जातो. आयफोनवाल्यांनी सेटिंग्ज, जनरल, मग ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’ उघडून कंपनीने काय बसवलंय ते एकदा बघून घ्यावं.

खरी गोम आहे ती फोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये एक्सचेंज खातं, म्हणजे ऑफिसच्या मेलचं मायक्रोसॉफ्टचं खातं, घालण्यात. तिथे ‘डिव्हाइस ॲडमिन’ची, म्हणजे फोनवर ताबा ठेवण्याची, परवानगी मागू शकतात आणि त्या यादीत सगळा डेटा पुसण्याचा हक्कही असतो. ओळखीतल्या एकाने न वाचता हो म्हटलं. नोकरी सोडली त्या संध्याकाळी फोन कोरा! लेकीच्या बारशाचे फोटो त्यातच होते, बॅकअप नव्हता.

भारतातून शाओमी, ओप्पो किंवा व्हिवो आणला असेल तर आणखी एक कटकट. बॅटरी वाचवायच्या नादात हे फोन आउटलुकला झोपवून ठेवतात आणि दहाच्या मीटिंगची आठवण अकराला येते. बॅटरीच्या सेटिंगमध्ये आउटलुकवरचे निर्बंध काढा, ऑटोस्टार्ट चालू करा.

लॉगिनच्या ओटीपीसाठी भारतातला नंबर देऊ नका. त्यापेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरं, ते सिमवर अवलंबून नसतं. फक्त फोन बदलताना, जुना पुसण्याआधी नव्यावर ऑफिसचं खातं जोडून घ्या. बॅकअपमधून खात्याचं नाव परत आलं तरी ऑफिसच्या खात्यात पुन्हा साइन इन करावंच लागतं.

आता संध्याकाळचं. आपली मंडळी रात्री दहाला उत्तर पाठवतात आणि साहेब खूश होईल असं समजतात. साहेब उलट अस्वस्थ होतो, कारण इथल्या कायद्याने दोन दिवसांच्या कामामध्ये सलग 11 तासांची विश्रांती लागते आणि ती मोडली तर जाब कंपनीला द्यावा लागतो. फोक्सवागनने तर 2011 मध्ये बेट्रीब्सराटशी (कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची समिती) करार करून शिफ्ट संपल्यावर अर्ध्या तासाने काही कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीवर मेल पोचवणंच बंद केलं होतं. कर्मचाऱ्यांवर नजर ठेवता येईल असं काहीही बसवायचं तर बेट्रीब्सराटची संमती लागते. म्हणून तुमच्या फोनवरच्या ॲपबद्दल शंका असेल तर बिनधास्त त्यांच्याकडे जा. तुमचं नाव खराब होणार नाही.

गणपतीला किंवा दिवाळीला भारतात जाताना आयटीला आधी कळवा. काही कंपन्या युरोपबाहेरून लॉगिनच अडवतात, मग दादरला बसून तुमचं खातं लॉक होतं आणि हेल्पडेस्क उघडायला दुपार होते. तिथून काम करायचं असेल तर वेगळी लेखी परवानगी काढा, कर आणि डेटा संरक्षण दोन्हींचा प्रश्न असतो. निव्वळ सुट्टीवर चालला असाल तर ऑटोमॅटिक उत्तर लावा, त्यात तुमचं काम बघणाऱ्या सहकाऱ्याचं नाव घाला आणि वर्क प्रोफाइल सरळ बंद करून टाका.