मॉडिफाय केलेली गाडी तापते? आधी हवेची वाट नीट करा

गाडीची ताकद वाढवली आणि ती तापायला लागली की पहिला सल्ला येतो, ‘मोठा ॲल्युमिनियम रेडिएटर टाक.’ माझं म्हणणं असं की खिशात हात घालण्याआधी एक रविवार पुठ्ठा, कात्री आणि फोमच्या पट्ट्यांसाठी काढा. नाकातून आत शिरलेली हवा रेडिएटरच्या जाळीतून (इंजिनमधलं गरम पाणी गार करणाऱ्या बारीक पात्यांमधून) न जाता बाजूच्या फटींतून निसटत असेल, तर रेडिएटर कितीही जाड घेतला तरी फरक बेताचाच पडतो.

उदाहरणाला पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घेऊ. १९८९ साली आलेली ही दोन सीटची हलकी गाडी. १.६ लिटर इंजिन, ताकद ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास. तिला टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवून ताकद दीडपट-दुप्पट करणारे हौशी जगभर आहेत. रेडिएटरचं माप मात्र मूळ ताकदीचं, आणि टर्बोबरोबर येणारा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा गार करणारी जाळी) बरेचदा नेमका त्याच्याच पुढ्यात बसतो. ही गाडी भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही, पण पुण्यात रीमॅप केलेल्या (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेल्या) फोक्सवॅगनच्या टर्बो पोलोलाही हीच पद्धत लागू पडते.

दुखणं ओळखा

सिग्नलला उभी असताना तापते आणि चालू लागली की निवते? मग फॅन, त्याचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) किंवा काउल (फॅनभोवतीचं, जाळी झाकणारं आवरण) तपासा. वेगात तापत असेल, तर हवेची वाट किंवा पाण्याचा प्रवाह कमी पडतोय. दोन्हीकडे तापत असेल, तर अडकलेला थर्मोस्टॅट (पाणी तापलं की त्याची वाट उघडणारी झडप), झिजलेला पंप, पाण्याच्या नळ्यांत राहिलेली हवा किंवा हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याचा वरचा भाग, म्हणजे हेड, यांमधलं सील) यांचा निकाल आधी लावा. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर स्थिर राहील असा बनवलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. आकडा दाखवणारा वेगळा गेज लावाच.

जाळी धुवा, मग टॉर्च लावा

इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कारण इलेक्ट्रिक फॅन कधीही आपोआप फिरू शकतो. गरम रेडिएटरचं झाकण तर कधीच उघडू नका. जाळी मागच्या बाजूने पुढे, मंद धारेने धुवा. किडे आणि धूळ आल्या वाटेने बाहेर पडतात. प्रेशर वॉशर जवळ धरलात तर पाती वाकतील.

आता अंधार पडल्यावर बंपरच्या तोंडातून टॉर्चचा झोत टाका आणि बॉनेट उघडून मागून बघा. रेडिएटरच्या कडेने, वर बॉनेटच्या लॉकच्या पट्टीपाशी, खाली क्रॉसमेंबरपाशी (चेसिसच्या आडव्या पट्टीपाशी) जिथे जिथे उजेड दिसेल तिथून हवा पळतेय. खडूने खुणा करा. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामधली मोकळी जागाही बघा. तिथून निसटणाऱ्या हवेकडे कुणाचं लक्ष जात नाही.

डक्ट बनवा

डक्ट म्हणजे हवेचा बंदिस्त बोगदा: बंपरच्या तोंडापासून जाळीच्या चारही कडांपर्यंत भिंती उभ्या करायच्या. आधी पुठ्ठ्याचे साचे कापा आणि बंपर लावून-काढून नीट बसेपर्यंत छाटत राहा. मग तेच आकार १ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्यात कापून रिव्हेट करा. पत्रा थेट रेडिएटरला टेकवू नका. थरथरून तो टाकी घासतो आणि गळती सुरू होते. मधे पाणी न पिणारा, बंद पेशींचा फोम किंवा दाराची रबर बीडिंग घाला.

खालचा प्लॅस्टिकचा अंडरट्रे जुन्या एमएक्स-५ मध्ये अनेकदा गायब असतो. ऑइल बदलताना काढला, पुन्हा लावलाच नाही. तो नसेल तर हवा जाळीकडे न वळता सरळ खाली उतरते, शिवाय इंजिनखालचा दाब वाढून मागची वाटही अडते. एवढा एक तुकडा परत लावल्याने हायवेवरचं तापणं थांबलेल्या गाड्या पुष्कळ आहेत.

हवेला बाहेर पडू द्या

जाळीच्या पुढे दाब जास्त आणि मागे कमी असेल, तरच हवा आरपार जाते. म्हणून बॉनेटला झरोके पाडायचे तर रेडिएटरच्या लगेच मागे, पुढच्या भागात पाडा. वेगात तिथे दाब कमी असतो. बिजागरांखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण विंडशील्डच्या पायथ्याशी दाब जास्त असतो आणि धावत्या गाडीत तिथून हवा उलट आत शिरू शकते. कापण्याआधी बॉनेटवर लोकरीचे बोटभर तुकडे चिकटवा आणि मित्राला शेजारच्या गाडीतून व्हिडिओ काढायला सांगा. जिथे धागे सपाट पडून मागे वाहतात तिथे प्रवाह चिकटून आहे. जिथे ते पुढे वळतात किंवा गरगरतात ती जागा सोडा.

फॅनला पूर्ण काउल हवंच, नाहीतर तो फक्त स्वतःपुरत्या वर्तुळातली हवा ओढतो. मात्र बंद काउल वेगात अडथळा ठरतं, म्हणून त्यात चौकोन कापून रबरी पडदे लावा. उभ्या गाडीत फॅनच्या ओढीने ते मिटतात, वेगात उघडतात.

पाण्याकडेही बघा

या गाडीचं इंजिन माझदाच्या ३२३ मधून आलं. तिथे ते आडवं बसायचं. एमएक्स-५ मध्ये गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवताना पाण्याची आत-बाहेरची दोन्ही तोंडं पुढेच आली, त्यामुळे मागच्या चौथ्या सिलिंडरला प्रवाह कमी मिळतो. रेस ट्रॅकवर गाडी पळवणारे थर्मोस्टॅट हेडच्या मागे नेतात तो यासाठीच. टर्बो असेल तर हे काम मी टाळणार नाही.

कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात घालायचं द्रव) भरताना गाडीचं नाक वर करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि पाण्याच्या रबरी नळ्या दाबून हवा काढा. झाकण कंपनीने सांगितलेल्या दाबाचंच घ्या: १ बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते चवीला गोड आणि कुत्र्यांना जीवघेणं असतं.

फरक मोजा

प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, तशाच वेगाने चालवा आणि पाण्याच्या तापमानातून बाहेरच्या हवेचं तापमान वजा करा. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर हा फरक साधारण स्थिर राहतो. ३० अंशांच्या दिवशी पाणी ९८ वर थांबत असेल, तर ४० अंशांच्या दुपारी ते १०८ पर्यंत जाईल असं धरून चाला. सगळ्या फटी बुजवूनही हा फरक पुरेसा उतरला नाही, तर मोठा रेडिएटर खुशाल घ्या. डक्ट तयार असल्याने त्याचा पूर्ण उपयोग होईल.