सोफ्याचं कव्हर घरी शिवताय? मग या चुका टाळा

दर दिवाळीच्या आधी मला तीन-चार फोन येतात, ताई कव्हर शिवलं पण बसत नाहीये, काय करू? आता शिवून झाल्यावर काय करणार, उसवणार. म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकते.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक, कापड पाण्यातून न काढता कापणं. माझ्या हातून झालेली आहे म्हणून हक्काने बोलतेय. बारा मीटर हातमागाचं सुती कापड, सुंदर मोहरीचा रंग, नणंदेच्या थ्री-सीटरसाठी. दिवाळीला आठवडा राहिलेला, मी म्हटलं आता भिजवा, वाळवा, इस्त्री करा, कोण करत बसणार, डायरेक्ट कापलं. बसवलं तर असं फिट्ट की सगळे सोफ्यावर हात फिरवून बघत होते. भाऊबीजेला कुणीतरी चहा सांडला, कव्हर धुतलं, आणि दोन दिवसांनी वन्संचा फोन, "अगं, सोफा सुजलाय का काय, तुझं कव्हर चढतच नाहीये!" त्यांच्या मिस्टरांनी एका बाजूने आणि मुलाने दुसऱ्या बाजूने धरून ओढलं तर कोपरा टर्रकन फाटला. हिशोब साधा होता, पाठ 72 इंच आणि कापड आटलं पाच टक्के, म्हणजे साडेतीन इंचांच्या वर गेले. एवढं मार्जिन कोण सोडतं?

तर आता माझ्याकडे सुती कापड आलं की आधी दोन्ही कापलेल्या टोकांना झिगझॅग मारते (नाहीतर धागे सुटून गुंता होतो), रात्रभर साध्या पाण्यात, सकाळी न पिळता सावलीत दोरीवर, आणि किंचित ओलं असताना इस्त्री. पुढे कव्हर मशीनला गरम पाण्यात टाकणार असाल तर कापडही आधी तसंच धुवा, नुसतं बुचकळून काढलं तर उरलेलं नंतर आटतंच. पायपिंगची (शिवणीवर बसवायच्या गोल गोटाच्या आतली) सुती दोरीसुद्धा भिजवा, हे कुणीच करत नाही आणि मग पहिल्या धुण्यानंतर शिवण सगळी चुण्या-चुण्या. पॉलिएस्टरचं पडद्याचं कापड फारसं आटत नाही, तिथे सूट आहे. आणि दुकानदार "प्री-श्रंक आहे मॅडम" (म्हणजे आधीच आटवलेलं) म्हणाला तरी मी भिजवतेच. गडद रंग असेल तर ओला पांढरा रुमाल घासून बघा, रंग लागला तर दोन-तीन वेळा वेगळं धुवा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं आपल्याकडे घरोघरी सांगतात, पण रंगवताना मिठाने रंग कापडात नीट चढतो एवढंच, आधीच रंगवून आलेल्या कापडाला त्याचा उपयोग नाही.

दुसरी चूक मापाची. लोक टेप लावतात, लांबी-रुंदी कागदावर लिहितात आणि जमिनीवर कापड पसरून कापून मोकळे. अहो सोफा काय टेबल आहे का? त्याला फुगवटा आहे, उतार आहे, एका बाजूला रोज बसून दबलेला खड्डा आहे. माप फक्त कापड किती आणायचं यासाठी घ्या (मोठ्या पन्ह्याचं, 54 इंचाचं कापड असेल तर गाद्यांसकट थ्री-सीटरला साधारण दहा-बारा मीटर लागतं), आणि कटिंग सोफ्यावरच करा. कापड उलटी बाजू वर करून टाकायचं, टाचण्या लावत जायचं, खडूने खूण करायची, अर्धा-पाऊण इंच मार्जिन सोडून कापायचं. यात एक गंमत आहे, उलटं टाचलेलं कव्हर सुलटं केलं की सोफ्याच्या डाव्या हाताचा भाग उजवीकडे जातो. सोफा दोन्हीकडे सारखा असेल तर काही बिघडत नाही, पण एल शेपचा असेल किंवा एक हात दबलेला असेल तर नवशिक्यांचा इथे हमखास घोळ होतो. अशा सोफ्याला सुलट बाजू वर ठेवूनच टाचा आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने डावा, उजवा, पाठ आणि वर कुठे त्याचा बाण काढा.

आणि खोचायचं कापड! बैठक आणि पाठ जिथे भेटतात त्या फटीत, शिवाय दोन्ही हातांच्या कडेला, निदान चार ते सहा इंच जास्त कापड हवं. निऱ्या जेमतेम खोचल्या तर दोन पावलांत साडी सुटते ना, तसंच. माणूस बसला की गादी दबते आणि कापड ओढलं जातं, तेव्हा हे खोचलेलं कापडच कामी येतं. ते नसेल तर शिवणीवर ताण येऊन महिन्याभरात उसवणार. खोचलेलं सारखं बाहेर येत असेल तर वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी करून फटीत दाबून ठेवा, माझ्या घरी पाच वर्षं तीच आहे.

मशीनवर शिवताना कापडाच्या खाली दोऱ्याचं जाळं होतंय? सगळे लगेच बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याच्या डबीचा) स्क्रू फिरवायला लागतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने तो इतका फिरवला की स्क्रू निघून फरशीवर, मग आम्ही दोघी बॅटरी घेऊन पाटाखाली. गुंता खाली दिसला तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढून परत ओवा, निम्म्याहून जास्त वेळा तेवढ्यावर भागतं. टाके सुटत असतील तर सुई बदला. जाड कापडाला 16 किंवा 18 नंबर, ब्लाऊजची 11 नंबरची सुई कॅनव्हासवर चालवून मशीनला शिव्या देऊ नका.

पायपिंगची पट्टी उरेबच (कापडावर तिरकी) कापा. सरळ कापून कापड वाचतं खरं, पण गोलाईवर ती वळत नाही.

कव्हर काढता आलं नाही तर ते धुणार कसं? मागे चेन किंवा वेल्क्रो हवंच.

इलॅस्टिकवाले रेडिमेड स्ट्रेच कव्हर आणि त्याला खाली झालर जोडून "कस्टम" म्हणणं, यावर मी बोलत नाही.

उरलेल्या तुकड्यांची गोधडी करणार असाल तर नवं कोरं कापड आणि जुनी मऊ साडी तशीच एकत्र घेऊ नका, नवं पहिल्या धुण्यात आटतं आणि जुनी साडी फुगे धरते. सगळे थर मधून कडेकडे हाताने सपाट करत मोठे कच्चे टाके घाला, मगच धावदोरा. कडेपासून टाचायला घेतलं की मधे फुगा येतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही.

ते मोहरी कव्हर उसवून मी वन्संना सहा अभ्रे शिवून दिले. उरलेला तुकडा माझ्या मशीनवर झाकायला आहे, चहाचा डाग अजून दिसतो.