तंबाखू सोडायचीय? मग आधी तलफेचे अड्डे शोधा

सकाळचे पोहे-जलेबी झाले, वर कट चहा आला, आणि ग्लास रिकामा व्हायच्या आत हात आपोआप खिशाकडे गेला. ‘आता ओढू या’ असं मनात यायचीही गरज पडली नाही. इंदूरमध्ये सिगारेट किंवा गुटखा सोडू पाहणारे बहुतेक जण इथेच अडकतात, आणि मग घरचे म्हणतात, याच्यात मनाची ताकदच नाही. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. मेंदूनं चहा आणि धूर यांची गाठ हजारो वेळा मारलेली असते. ती नुसत्या शपथेनं सुटत नाही.

ही गाठ कशी पडते, ते मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं. सुरुवातीला फळांचा रस तोंडात पडला की डोपामिनच्या, म्हणजे मेंदूला बक्षिसाची चाहूल देणाऱ्या रसायनाच्या, पेशी जाग्या व्हायच्या. रसाच्या आधी दर वेळी दिवा लागतो हे माकडाला उमगल्यावर त्या दिवा लागताच जाग्या होऊ लागल्या. तुमचा दिवा म्हणजे गुमटीसमोर, म्हणजे पान-सिगारेटच्या टपरीसमोर, लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळतातच. त्या दोन्ही फाडून एकात एक ओततानाचा नुसता आवाज ऐकूनही सोडलेल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं.

पहिलं काम: आठवडाभर काहीच सोडू नका

फक्त लिहा. दर वेळी तलफ आली की कुठे होतात, किती वाजले होते, सोबत कोण होतं, त्याआधी काय केलं होतं, एवढंच मोबाइलमध्ये टिपायचं. ‘टेन्शन आलं म्हणून’ असलं मोघम लिहू नका. ‘साहेबांचा फोन ठेवला आणि जिन्याकडे गेलो’ असं लिहा. आठवड्यानं वाचलं की कळतं, बहुतेक वेळा चार-पाचच प्रसंग फिरून फिरून येतात: पोट साफ व्हायच्या आधी, चहानंतर, गाडीला किक मारताना, जेवणानंतर आणि एखादा ठरावीक मित्र भेटला की.

दुसरं: घर आणि गाडी

हे एका संध्याकाळी उरकतं. अ‍ॅशट्रे, लायटर, चुन्याची डबी, स्कूटरच्या डिक्कीतली जुनी पुडी, सगळं बाहेर. ‘पाहुण्यांसाठी एक पाकीट असू दे’ हे चालणार नाही. वास बसलेले पडदे, जाकीट धुवून घ्या. वासाची खूण डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती विसरली जाते. तंबाखूऐवजी साधी सुपारी हा बदलही नको. सुपारीनं स्वतःच कर्करोग होतो, आणि पुडी फाडायची सवय तशीच राहते.

तिसरं: रस्ता बदला, निदान महिनाभर

राजवाड्याकडून घरी येताना नेहमीच्या गुमटीवर गाडी आपोआप थांबत असेल, तर दुसऱ्या गल्लीनं या. रात्रीचा सराफा, म्हणजे तिथला खाऊबाजार, काही आठवडे बंद. खाऊन झाल्यावर पानाच्या दुकानाशी रेंगाळणं हा तिथल्या फेरीचाच भाग असतो, आणि ‘मी नुसता भुट्ट्याचा कीस खाऊन येतो’ यावर स्वतःही विश्वास ठेवू नये. चहा सोडवत नसेल तर जागा बदला: घरी, बसून, कपात. ज्या हातात सिगारेट असायची त्याच हातात कप धरा.

चौथं: जे टाळता येत नाही, त्याचं उत्तर आधी ठरवा

रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीला, जाणार नाही असं कुणी म्हणत नाही, आणि ऑफिसच्या दारातली गुमटी तुम्ही हलवू शकत नाही. अशा प्रसंगासाठी ‘असं झालं तर मी असं करीन’ अशी वाक्यं आधीच लिहून ठेवा. ‘सुनीलनं पाकीट पुढं केलं तर मी बडीशेप तोंडात टाकीन आणि म्हणेन, डॉक्टरांनी बंद केलंय.’ खरं कारण सांगायलाच हवं असं नाही. ऐन वेळी विचार करणारा मेंदू मागे पडतो, पाठ केलेलं वाक्य मात्र तोंडातून निघतं.

तरीही तलफ आलीच, तर घड्याळ बघा. ती चढते, टिकते आणि बहुधा काही मिनिटांत उतरते. तेवढ्या वेळात जागा सोडा, पाणी प्या, कुणाला तरी फोन करा. निकोटिन गम घेणार असाल तर आधी पंधरा मिनिटं आणि चघळताना काही खायचं-प्यायचं नाही. म्हणजे चहाबरोबर गम हा बेत बाद.

पाचवं: मग ठरवून परत जा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात पाठपुरावा केला. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले साधारण ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. जागा, सोबती, दिनक्रम, सगळंच बदललं होतं. आपल्याकडे उलटं घडतं. पुण्याला भावाकडे पंधरा दिवस तलफ येत नाही, आणि इंदूरच्या सरवटे बस स्टँडवर उतरताच घसा कोरडा पडतो. नव्या जागी शिकलेला संयम जुन्या जागी आपोआप येत नाही. तो तिथेच पुन्हा शिकावा लागतो.

शरीराचा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि साधारण महिन्याभरात ओसरतो. त्यानंतर त्याच गुमटीवर न ओढणाऱ्या मित्राबरोबर जा, चहा प्या, परत या. पोट भरलेलं असताना आणि खिशात मोजकेच पैसे ठेवून. पुन्हा जा. गाठ अशीच सैल होते. मध्ये एखादी ओढली गेलीच, तर जागा आणि वेळ यादीत लिहा आणि तिथला बेत बदला.

दारूच्या बाबतीत मात्र वरचं काहीही स्वतःहून सुरू करू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं, आधी डॉक्टर. तंबाखूसाठी १८००-११-२३५६ हा मोफत नंबर पाकिटावरच छापलेला असतो. मन फारच सैरभैर झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

घरच्यांसाठी एकच विनंती. ‘आज ओढली नाहीस ना?’ हे विचारू नका. तो प्रश्नही आठवण करून देतो. जेवण झाल्याबरोबर ‘चल, भांडी आवरायला ये’ म्हणा; ती वेळ निघून जाते.