सायकलचा पुढचा दिवा: बॅटरी की डायनॅमो? या चुका टाळा

पहिली चूक दुकानातच होते. खोक्यावरचा लुमेनचा आकडा बघून लोक दिवा घेतात. दिव्यातून एकूण किती उजेड निघतो एवढंच लुमेन सांगतं. तो रस्त्यावर पडतो की समोरच्याच्या डोळ्यांत, ते सांगत नाही. टॉर्चसारखा गोल झोत टाकणारा बॅटरीचा दिवा कोल्हापूरच्या शिवाजी पुलावर समोरून येणाऱ्याला काही क्षण आंधळा करतो. त्यामुळे झोताची वरची कड सपाट कापलेली आहे का, ते आधी बघा. जर्मनीत सायकलच्या दिव्यांना तसा नियमच आहे, म्हणून तिथल्या डायनॅमो-दिव्यांचा कमी उजेडही नेमका रस्त्यावर पडतो.

बॅटरीचा दिवा घेताना त्यातल्या 18650 सेलवर (बोटाएवढा गोल लिथियम सेल) 9900 एमएएच छापलेलं दिसलं तर सरळ परत करा. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण 3500 पर्यंतच जाते. पावसात चार्जिंगच्या खाचेचं रबरी झाकण नीट दाबा, आणि ओल्या खाचेत केबल कधीच घालू नका.

जास्त घोळ होतो तो टायरला घासणाऱ्या बाटली डायनॅमोत. तो तिरका बसला की घरघरतो, टायर खातो आणि पावसात घसरतो. डायनॅमोच्या मधून सरळ रेघ ओढली तर ती चाकाच्या आसातून गेली पाहिजे. बसवताना एवढं पाच मिनिटं बघितलं तर निम्म्या तक्रारी मिटतात. क्लॅम्पचा बोल्टही अधूनमधून आवळा. सैल डायनॅमो चाकाच्या तारांत अडकला तर चाक जागच्या जागी थांबतं.

दिवा लुकलुकत असेल तर लगेच बल्ब बदलू नका. बऱ्याच डायनॅमोंना एकच वायर असते, दुसरी वायर म्हणजे सायकलची फ्रेम. क्लॅम्पमधला टोकदार स्क्रू रंग खरवडून लोखंडाला टेकलेला असावा लागतो. तिथे गंज धरला की उजेड गेलाच. स्क्रू घासून घट्ट करा, नाहीतर सरळ दुसरी वायर ओढा.

जुन्या 6 व्होल्ट, 3 वॅटच्या जोडणीत पुढच्या बल्बला 2.4 आणि मागच्याला 0.6 वॅट मिळतात. मागचा उडाला की सगळा भार पुढच्यावर येतो आणि तोही उडतो. म्हणून मागचा आधी तपासा. बॅटरीचा एलईडी दिवा डायनॅमोला थेट जोडू नका. डायनॅमो एसी वीज देतो, बॅटरीसारखी डीसी नाही.

पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढावर वेग पडतो, तसा डायनॅमोचा उजेडही मंदावतो. उतारावर मात्र तो भरपूर मिळतो. सिग्नलला थांबल्यावर दिवा विझू नये म्हणून आतल्या कपॅसिटरवर (थोडी वीज साठवणारा भाग) काही मिनिटं जळत राहणारा दिवा घ्या. यात काटकसर करू नका.

शाहूपुरी ते रंकाळा एवढंच फिरणं असेल तर माझ्या मते बॅटरीच घ्यावी; तिथे पथदिवे आहेत, तुम्ही दिसलात तरी पुरे. पण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रोज रात्रपाळीला जाणाऱ्यानं डायनॅमोच बसवावा. गळीत हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात उभी असते, आणि चार्जिंग विसरलेला दिवा तिथे काही कामाचा नाही. हब डायनॅमो, म्हणजे चाकाच्या मधोमध आसावर बसणारा, सर्वांत चांगला, पावसात घसरायचा प्रश्नच नाही. फक्त चाक नव्यानं बांधून घ्यावं लागतं, तो खर्च आधी विचारून घ्या.