एप्रिलमधला केदारकंठा: विदर्भातून निघून बर्फाच्या टोकावर कसं पोचायचं

हरभरा निघाला, गहू काढून झाला, कापसाच्या पराट्या उपटून धुऱ्यावर ढीग लागला की आमच्या परतवाड्याकडच्या गावांत पोट्ट्यांना दीड महिना तसं काही काम नसतं, लग्नांची जेवणं अन् दुपारी निंबाखाली पत्ते. नेमकं तेव्हाच उत्तराखंडात उन्हाळी सीझन उघडत असतो, टोकावर बर्फ असतो, खाली बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉनचं झाड) लालभडक फुललेला असतो आणि डिसेंबर-जानेवारीत तिथे जी जत्रा भरते ती केव्हाच पांगलेली असते. म्हणून पहिला ट्रेक करायचा असेल तर एप्रिलमध्ये करा, आणि केदारकंठा करा. उंची ३,८१० मीटर, म्हणजे साडेबारा हजार फूट, चढ अवघड नाही, आणि अर्ध्याहून जास्त वाट जुन्या पाइन-देवदारांतून जाते. अवघड नाही याचा अर्थ काहीही करून चालतं असा नाही, ते पुढे येतंच.

तारीख आधी ठरवा, तिकीट नंतर

एप्रिलचे पहिले दोन-तीन आठवडे. मे लागला की टोकावर बर्फाचे तुकडेच उरतात, आणि मार्चमध्ये गेलात तर बर्फ इतका असू शकतो की पहिल्या वेळेला झेपणार नाही. दरवर्षी सारखं नसतं, म्हणून निघायच्या आठवडाभर आधी सांकरीतल्या (चढ सुरू होतो ते गाव) गाइडला फोन लावून सरळ विचारायचं, भाऊ, जूडा तलावाच्या (पहिला मुक्काम) वर बर्फ टोंगळ्यापर्यंत, म्हणजे गुडघ्यापर्यंत, आहे का घोट्यापर्यंत. गाइड गावातलाच घ्या. वाट खाली बर्फात गाडलेली असते तेव्हा ती फक्त त्यालाच माहीत असते, मोबाइलच्या नकाशाला नाही.

सहा आठवडे आधी टोंगळ्यांची सोय

आमच्याकडे एक गैरसमज आहे, तो माझाही होता. सोळा लिटरचा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर कापसात फिरणाऱ्याला आठ-दहा किलोची बॅग काय जड? बॅग जड नाहीच. पण आपलं वावर सपाट, आपल्या मांड्यांना उतरायची सवयच नाही, आणि डोंगरात माणूस चढताना दमतो पण त्याची खरी वाट लागते ती उतरताना. म्हणून आठवड्यातून तीन दिवस पायऱ्या. आम्ही मुक्तागिरीला जायचो, बावन्न मंदिरं आहेत, पायऱ्या भरपूर, पहाटे गेलं की ऊन लागत नाही, पाठीवर बॅगेत पाण्याच्या बाटल्या भरून वर-खाली करायचं. उतरताना मुद्दाम हळू उतरा, धावत उतरलं तर सराव होत नाही, टोंगळे मात्र जातात. चिखलदऱ्याच्या घाटरस्त्यानेही चालता येईल, पण रस्ता सोडून जंगलात शिरू नका, मेळघाट आहे तो, तिथला मालक पट्टेवाला आहे. आणि चिखलदरा जेमतेम अकराशे मीटर, तिथे दम कमावता येतो, पातळ हवेची सवय नाही.

कापूस घरी ठेवा

हे लिहिताना जीवावर येतं, कापसाच्या जिल्ह्यातला माणूस आहे मी, पण बर्फात कापूस अंगावर नको. सुती कपडा पाणी पितो, धरून ठेवतो आणि लवकर वाळत नाही, उन्हाळ्यात याचसाठी तर तो आपल्याला आवडतो, गार ठेवतो म्हणून. तिथे हेच गार ठेवणं अंगाशी येतं. माझ्या मावसभावाने कुणाचं न ऐकता जीन्स घातली, दुपारच्या मऊ बर्फात ती मांडीपर्यंत भिजली आणि संध्याकाळी तंबूबाहेर वाळत टाकली तर सकाळी पाटीसारखी कडक, दोन्ही पाय उभे करून ठेवता येत होते. आम्ही हसलो, तो नाही हसला, कारण दुसरी पॅन्ट नव्हती.

तर घ्यायचं असं: अंगाला चिकटून पॉलिस्टरचा टीशर्ट आणि थर्मल, त्यावर फ्लीस किंवा घरचं लोकरीचं स्वेटर (लोकर ओली झाली तरी थोडी ऊब देते, सूत देत नाही), सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. दोन ट्रॅकपॅन्ट. लोकरी मोजे तीन जोड, त्यातला एक फक्त झोपताना, त्याला दिवसा हात लावायचा नाही. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, आणि ते गावातच महिनाभर घालून मऊ करा, नवे बूट तिथे फोडले तर फोड तुम्हाला येतील. बुटाला लावायचे लोखंडी काटे आणि बुटात बर्फ शिरू नये म्हणून पायाला बांधायचे गेटर सांकरीत भाड्याने मिळतात. काळा चष्मा मात्र चांगला, यूव्ही अडवणारा न्या, ताज्या बर्फावरून ऐंशी टक्क्यांपर्यंत यूव्ही किरणं उलटून डोळ्यांत येतात, दिवसभर उघड्या डोळ्यांनी फिरलं की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. आपला दुपट्टा न्या, मान आणि कान झाकायला लोकरीच्या टोपीखाली बरा पडतो. एवढं एक सूत चालेल, वाळून असेल तोवर.

खायला घरचंच: फुटाणे, गूळ, शेंगदाण्याचे लाडू, तिळाची चिक्की. ठेचा नेला तर त्याचा डबा घट्ट बांधा, आमचा बसमध्येच सांडला अन् देहरादूनपर्यंत सगळी बस शिंकत गेली.

प्रवास

नागपूर किंवा बडनेऱ्याहून दिल्ली, तिथून देहरादून. देहरादूनहून सांकरी साधारण दोनशे किलोमीटर, पण आपल्याकडच्या दोनशेसारखे धरू नका, मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड करत आठ ते दहा तास जातात. बस पहाटे लवकर सुटते, रेल्वे स्टेशनजवळच्या स्टँडवर आदल्या संध्याकाळी जाऊन वेळ विचारून घ्या. रोख पैसे पुरोल्यालाच काढून घ्या. पुढे गोविंद अभयारण्याची हद्द लागते, आधार कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स वरच्या कप्प्यात ठेवा. बस लागत असेल तर गोळी निघायच्या आधी घ्या, वळणं सुरू झाल्यावर नाही.

सांकरीत एक दिवस जास्त राहा आणि झाडं बघा

लोक हा दिवस वाचवतात. वाचवू नका. सांकरी साडेएकोणीसशे मीटरवर आहे, शरीराला सवय लागायला एक रात्र जादा मिळते आणि मोकळ्या डोक्याने झाडांकडे बघायला होतं.

सुयांसारख्या पानांच्या सगळ्या झाडांना पाइन म्हणून मोकळं होऊ नका, सुया मोजा. खाली पडलेला झुपका उचला, एका बोंडीतून तीन लांब सुया निघत असतील तर तो चीड, पाच असतील आणि निळसर झाक असेल तर कैल. सुया आखूड, ताठ आणि फांदीवर गुच्छागुच्छाने असतील तर देवदार, तो पाइन नव्हेच, वेगळी जात. चीड तुम्हाला पुरोला-मोरीकडे रस्त्यावरूनच दिसेल, सांकरीच्या वर कैल, देवदार आणि खरसू ओक लागतात, आणखी वर गेलं की झाडं ठेंगणी होत होत साडेतीन हजार मीटरच्या अलीकडेच संपतात. जुन्या चिडाची साल बघा, जाड पापुद्र्यांची, मगरीच्या पाठीसारखी, खालून वणवा गेला तरी आत धग पोचत नाही. त्याच भागात, मोरीहून त्यूणीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला एक चीड होता, साठ मीटरहून उंच, आशियातला सगळ्यात उंच पाइन म्हणून नोंदलेला, वय दोनशेच्या वर. २००७ साली वादळात तो पडला. साठ मीटर म्हणजे किती हे आपल्या डोक्यात येत नाही, विजेचे सहा-सात खांब एकावर एक उभे करून बघा.

वाळलेल्या चिडाच्या सुयांना तिथे पिरूल म्हणतात. त्यावर बूट ठेवला की केळाच्या सालीवर ठेवल्यासारखा सरकतो, म्हणून उतारावर टाच आधी रोवायची. आणि पिरूल रॉकेलसारखा पेटतो. मोहफुलं वेचायला पाला जाळतात तेव्हा आपल्याकडे काय होतं ते बघितलेल्या माणसाला जास्त सांगायला नको, बिडी-सिगारेट खिशातच राहू द्या.

चढताना डोक्याचं ऐका

सांकरी ते जूडा तलाव, २,७७० मीटर. दुसऱ्या दिवशी तिथून बेस कॅम्प, ३,४३० मीटर. आता साधा नियम असा आहे की तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि हा एका दिवसाचा टप्पा साडेसहाशेचा पडतो. बहुतेकांना काही होत नाही. पण जूडा तलावावरच डोकं ठणकत असेल, मळमळत असेल, तर तिथे आणखी एक रात्र काढा, गाइडशी हे आधीच बोलून ठेवा म्हणजे त्यावेळी वाद होत नाही. डोकेदुखी असताना वर चढायचं नाही, आणि माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली उतरवायचं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, लोक फुटाण्यासारखी वाटतात, तसं करू नका, निघायच्या आधी डॉक्टरला विचारा, सल्फाच्या औषधाची ॲलर्जी असेल तर नक्कीच सांगा.

पाणी दिवसाला तीन-चार लिटर. तहान लागत नाही, तरी प्यायचं.

शिखराची रात्र

ही पायरी नीट वाचा, एप्रिलचा सगळा खेळ इथेच आहे. रात्री बर्फ गोठून कडक होतो, पहाटे त्याच्यावर रस्त्यासारखं चालता येतं. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो आणि पाय आत जायला लागतो, दर पावलाला टोंगळ्यापर्यंत, मग तासाची वाट तीन तासांची होते. म्हणून रात्री दोन-तीनला उठून निघायचं, उजाडताना टोकावर, आणि दहा-अकराच्या आत कॅम्पवर परत. आपल्याला हे नवीन नाही. मे महिन्यात वखरणीला पहाटे चारला बैल जुंपून ऊन तापायच्या आत घरी येतोच ना आपण, तेच गणित, फक्त इथे टॉर्च डोक्याला बांधायचा आणि बैल आपणच.

काटे बेस कॅम्पवरच बुटाला लावा, उतारावर अंधारात गारठलेल्या बोटांनी ते लागत नाहीत. पाऊल गाइडच्या पावलात टाका. बाटली उलटी ठेवा, पाणी वरून गोठतं, तोंडाशी नाही. मोबाइल आतल्या खिशात, गारव्याने बॅटरी बसते. नऊ वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं हे आधीच ठरवून टाका, टोक पन्नास पावलांवर दिसत असलं तरी.

वर दगडांचा ढीग आहे, त्रिशूळ आहे, समोर स्वर्गारोहिणी, काळा नाग, बंदरपूंछ ही शिखरं. बंदरपूंछ ६,३१६ मीटर, म्हणजे एवढं चढूनही तो तुमच्यापेक्षा अडीच हजार मीटर वरच. वारा असतो, दहा मिनिटांत हात बधिर होतात, फोटो काढा अन् उतरा.

उतरताना एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. झाडं परत सुरू झाली, मला वाटलं बुंध्याजवळ सावली आहे, टेकावं, अन् बुंध्याच्या कडेला पाय टाकला तर कमरेपर्यंत आत. खाली झुकलेल्या फांद्या बर्फ अडवतात, त्यामुळे बुंध्याभोवती वरून दिसत नाही अशी पोकळी राहते. मावसभावाने बॅगेला धरून ओढलं तेव्हा निघालो, एक काठी आतच राहिली. तेव्हा बर्फ असेपर्यंत झाडापासून दोन-तीन हात लांबून चाला, आणि बर्फाखालून पाण्याचा आवाज आला तर तिथे एकेकाने, गाइड म्हणेल तिथूनच.

घरी आल्यावर

सांकरीहून निघाल्यापासून तीन दिवसांत तुम्ही बर्फातून थेट बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत येता, आणि आठ-दहा दिवसांत अंगाची उन्हाची सवय मोडलेली असते. पहिले चार-पाच दिवस भरदुपारी वावरात जायचं नाही, कुणी कितीही टोमणे मारले तरी. अकोल्याच्या स्टेशनवरूनच घरी फोन लावून माठ भरून ठेवायला सांगा.