एकाच स्थळावर अडून बसलात? या चुका टाळा

“तिकडून काय ते कळू दे, मग पुढचं बघू.” लग्नाचं बघताना हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. एक भेट झालेली असते, नंबर दिले-घेतलेले असतात. समोरून होकार आलेला नसतो, पण इकडे मनातल्या मनात साखरपुडासुद्धा उरकलेला असतो. बाकीची चांगली स्थळं तेवढ्यात हातची जातात, आणि वाईट वाटतं ते याचंच.

‘कळवतो’ म्हणजे होकार नव्हे

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं जड जातं. मग ‘पत्रिका जुळत नाही’, ‘तिचा अजून विचार नाही’, ‘दिवाळीनंतर बघू’ अशी उत्तरं येतात. त्यातलं ‘दिवाळीनंतर’ सगळ्यात फसवं. चातुर्मासात लग्नं करत नाहीत, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतात, त्यामुळे ते अगदी पटण्यासारखं वाटतं. पण मुहूर्त लग्नाला लागतो, होकार कळवायला लागत नाही. दोन भेटींनंतरही उत्तर अधांतरी असेल तर सरळ विचारा: “मला पुढे जायला आवडेल. तुमचा विचार येत्या रविवारपर्यंत कळवाल का? नाही असेल तरी चालेल.” रविवार उलटला आणि फोन आला नाही, तर तेच उत्तर.

तुटक मेसेजवर जगणं

चार दिवस शांतता, मग रात्री अचानक “सॉरी, खूप काम होतं” आणि एक हसरा इमोजी. तेवढ्यावर पुढचा आठवडा निघतो. हा तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की त्यासाठीची धडपड जास्त चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. एखाद्या माणसाचा असा ध्यास लागण्याला मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी 1979 च्या आपल्या पुस्तकात ‘लिमरन्स’ असं नाव दिलं. आशा आणि अनिश्चितता दोन्ही असतील तर तो वाढतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यामुळे जीव किती कासावीस होतो, यावरून जोडी किती योग्य आहे हे ठरवू नका.

त्यापेक्षा गेल्या महिन्याची चॅट उघडा. बोलणं दर वेळी कोणी सुरू केलं? तुमची नोकरी, तुमचं घर, तुमच्या आवडी यांबद्दल समोरून एक तरी प्रश्न आला का? भेटायचं ठरवलं कोणी आणि ऐन वेळी मोडलं कोणी? कागदावर लिहून काढा, कारण मनात हिशेब केला की आपण समोरच्याला हमखास सवलत देतो.

दुसऱ्याला भेटताना पहिल्याचीच फुटपट्टी

“छान आहे, पण त्याच्यासारखं बोलत नाही.” अशा भेटीला काही अर्थ नाही. लग्नानंतर राहायचं कुठे, दोघांच्या आईवडिलांची जबाबदारी कशी घ्यायची, मुलं हवीत का, पैशांचे व्यवहार कसे असतील, हे आपले प्रश्न आधी ठरवा आणि सगळ्यांना तेच विचारा. ज्याच्यासाठी अडून बसलात त्यालाही. त्यातल्या एकाही प्रश्नावर त्याच्याशी बोलणं झालेलं नाही, असं बऱ्याचदा तेव्हाच लक्षात येतं.

आणखी कुठे बघणं म्हणजे फसवणूक, ही समजूत

सुपारी फुटेपर्यंत दोन्ही घरं इतरत्र बघत असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लपवू मात्र नका, विचारलं तर खरं सांगा. दोघांनी ‘आता दुसरीकडे बघायचं नाही’ असं ठरवलं की थांबा. आणि तुम्हीही कुणाला उगाच होल्डवर ठेवू नका. त्या घरातही कुणाची तरी आई फोनची वाट बघत असते.

नकारानंतरचा पिच्छा

मावशीमार्फत निरोप, नव्या नंबरवरून फोन, ऑफिसच्या दारात उभं राहणं: यातून कुणाचं मन वळत नाही, भीती तेवढी वाटते. मुलीने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुरुषाने वारंवार संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोष सिद्ध झाला तर 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नकार पचवणं खरंच अवघड असतं. मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नाकारल्या गेलेल्या माणसांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवला. तेव्हा मेंदूतले व्यसनाच्या ओढीशी जोडलेले भाग सक्रिय झालेले दिसले. म्हणून फोटो आणि चॅट फोनमधून काढा, स्टेटस म्यूट करा, आणि काही आठवडे नवीन स्थळ बघितलं नाही तरी चालेल. झोप, जेवण, काम यांची घडी दोन आठवड्यांनंतरही बसली नाही किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर घरात सांगा आणि 14416 या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करा. ही सेवा सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.